टकमास्तरांची कानउघाडणी

टकमास्तरांच्या पिशवीत मीटर होता, पण तो अगदी तळाशी, जुन्या फडक्यात गुंडाळलेला. तारेतून वीज जाते की नाही हे आकड्यांत सांगणारं ते पिवळं यंत्र त्यांना मनापासून आवडत नसे. "मीटर काय, कुणीही लावतो," ते म्हणत. "कान लावायला अक्कल लागते." हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं, की त्यातला पहिला भाग ऐकला की त्यांची बायको दुसरा भाग त्यांच्याआधी म्हणून मोकळी व्हायची.

वॉशिंग मशीन दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि वरून झाकण उघडणारी मशीन हा त्यांचा खास प्रांत. या मशीनच्या झाकणाखाली एक छोटंसं लॉक असतं. कपडे पिळायला सुरुवात होण्याआधी ते झाकण घट्ट धरून ठेवतं, म्हणजे कुणी गरगरणाऱ्या टबात हात घालायला नको. हे लॉक लागताना 'टक्' असा बारीक आवाज होतो. मास्तरांची सगळी विद्या त्या आवाजात होती. झाकण बंद करायचं, बटण दाबायचं आणि कान द्यायचा. टक् झालंच नाही, तर लॉक गेलं, नवीन बसवा. टक् झालं आणि तरी मशीन अडून बसलं, तर लॉक बिचारं निर्दोष आहे. मग दोष तारेत शोधा, झाकणाच्या खुंटीत शोधा, खाचेत साचलेल्या साबणात शोधा, पण लॉकला हात लावू नका. बाकीचे मेकॅनिक उठसूट लॉक बदलत सुटतात याचा त्यांना भयंकर राग होता. निर्दोष लॉक बदलणं म्हणजे दुखऱ्या दाताशेजारचा चांगला दात उपटणं, असं ते म्हणत.

गिऱ्हाइकांनाही ते हेच शिकवत. दुरुस्ती झाली की घरातल्या सगळ्यांना मशीनभोवती उभं करायचं, बटण दाबायचं, तर्जनी वर करायची आणि सांगायचं, "ऐका. टक् झालं, की सुटलो." त्यावरून त्यांचं नाव टकमास्तर पडलं. खरं नाव पोस्टमनला तेवढं माहीत असावं.

ही विद्या त्यांना आयती मिळाली नव्हती. तरुणपणी ज्या वर्कशॉपमध्ये ते शिकले, तिथला मालक विक्षिप्त होता. तो शिकाऊ लोकांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचा, मागे मशीन चालू करायचा आणि खेकसायचा, "बोला, काय बिघडलंय?" पट्टा सैल झालाय, बेअरिंग झिजलंय, पंपात बटण अडकलंय, जे काय असेल ते पाठमोऱ्याने सांगायचं. इतर पोरं मान वळवून चोरून बघायची. टकमास्तरांनी एकदाही वळून पाहिलं नाही. एकतीस वर्षांपूर्वी मालकाने त्यांना वर्कशॉपमधून मोकळं करताना पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तुझ्या कानावर तू घर चालवशील." तसंच झालं होतं. एक मुलगी शिकली, तिचं लग्न झालं, डोक्यावर छप्पर आलं, सगळं त्या कानावर.

आता अशा माणसाला ऐकू येईनासं झालं, तर ते सगळ्यात शेवटी कुणाला कळणार? अर्थात त्यालाच.

मास्तरांच्या मते गेली दोनेक वर्षं लोक पुटपुटायला लागले होते. सुट्या भागांच्या दुकानातला माणूस काउंटरकडे बघून पुटपुटायचा. टीव्हीवरची माणसं पुटपुटायची. मुलीचा फोन आला की चार शब्द कसेबसे झाले, की ते "घे, आईशी बोल" म्हणून फोन बायकोच्या हातात द्यायचे. पाच वर्षांच्या नातीचा आवाज तर इतका बारीक, की तिच्या प्रत्येक वाक्याला "हो हो" म्हणण्याशिवाय इलाज नसे. एकदा तिने विचारलं होतं, "आजोबा, मला खरा हत्ती आणाल?" आजोबा म्हणाले, "हो हो." पोरीने शाळेत सांगून टाकलं, आणि हत्ती गॅलरीत मावेल की जिन्यात बांधायचा यावर त्या घरात आठवडाभर खल चालला.

बायको तर फारच चिडकी झाली होती. साधं 'जेवायला चला' म्हणायचं तरी भांडायला उठल्यासारखी ओरडायची. वय झालं की होतं असं माणसाचं, असा विचार करून मास्तर तिला मोठ्या मनाने माफ करत.

हे सगळं ते स्वतःला पटवून देत होते, कारण दुसरी गोष्ट स्वतःशी बोलायची त्यांची छाती नव्हती. त्यांचे वडील कापडाच्या कारखान्यात मागावर होते. पंचावन्नाव्या वर्षी त्यांना ठार बहिरेपण आलं. सुरुवातीला घरचे त्यांच्याशी ओरडून बोलायचे, मग हातवारे करायला लागले, आणि मग हळूहळू बोलायचेच थांबले. पुढची बारा वर्षं तो माणूस दाराजवळच्या स्टुलावर बसून होता. कुणी हसलं की तोही हसायचा, कशाला ते माहीत नसताना. मास्तरांनी ते रोज पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर न बोलणाऱ्यांत तेही होते. येत्या वर्षी त्यांना स्वतःला अठ्ठावन्न लागणार होतं.

तर अशात हेडबाईंचा फोन आला.

हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. घरात त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. बहीण अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे रोज दोन-तीन चादरी धुवाव्याच लागत. बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायला घडवलेला. तो मास्तरांना फोनवरही लख्ख ऐकू यायचा. हेडबाईंसारखं स्पष्ट हल्ली कुणी बोलत नाही, असं ते कौतुकाने म्हणत.

"झाकणाचा दिवा लुकलुकतोय," बाई म्हणाल्या. "धुतं, पण पिळत नाही. चादरी ओल्याचिंब निघताहेत. आजच्या आज या."

मास्तर आजच्या आज गेले. आधी प्लग काढून त्यांनी मशीनला दहा मिनिटं स्वस्थ बसू दिलं. कधीकधी तेवढ्याने त्याचं डोकं ठिकाणावर येतं. नाही आलं. मग लॉकच्या खाचेतला साबणाचा थर जुन्या टूथब्रशने घासून काढला. झाकणाची खुंटी वाकली आहे का ते पाहिलं, ती सरळ होती. शेवटी झाकण लावलं, बटण दाबलं, डोळे मिटून कान दिला. बाई तेव्हा आत बहिणीला कुशीवर वळवत होत्या. मास्तरांना काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने दिवा लुकलुकायला लागला.

"टक् नाही. लॉक गेलं," त्यांनी निकाल दिला, आणि नवीन लॉक बसवलं. मशीन झकास फिरायला लागलं. नव्या लॉकचं टक्ही आपल्याला ऐकू आलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण नळ चालू होता, रस्त्यावरून ट्रक जात होता, कारणं काय, हवी तेवढी मिळतात. त्या दिवशी त्यांनी बाईंना मशीनपाशी बोलावून टक् ऐकवलं नाही. काम झाल्याबरोबर निघून आले.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा तोच दिवा, पुन्हा ओल्या चादरी. मास्तर आणखी एक नवीन लॉक घेऊन गेले. झाकण, बटण, कान. काही नाही.

"हेही खराब निघालं, बाई. हल्ली मालच असा येतो."

हेडबाई या वेळी न्हाणीघराच्या दारातच उभ्या होत्या, हातात निथळणारी चादर. "कशावरून खराब?"

"टक् झालं नाही ना."

"झालं की!" बाई म्हणाल्या. "चांगलं पाच वेळा झालं. मी मोजलं."

मास्तर हसले. "पाच वेळा? छे."

"पुन्हा लावा."

त्यांनी पुन्हा झाकण लावलं आणि बटण दाबलं. बाईंनी चादर खांद्यावर टाकली, मूठ वर धरली आणि एकेक बोट उघडायला लागल्या. एक. थोडं थांबून दोन. तीन. चार. पाच. पाचवं बोट उघडलं आणि दिवा लुकलुकायला लागला. लॉक लागल्याचं कळलं नाही की मशीन थांबून थांबून पाच वेळा प्रयत्न करतं आणि मग हरतं, हे मास्तरांना बाईंपेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी पाचही बोटं उघडताना पाहिली. ऐकलं मात्र एकही नाही.

म्हणजे हे नवं लॉक चांगलं होतं, आणि मग पहिलं? पहिलंही चांगलंच असणार. ते बदलताना तार हलली असेल, म्हणून मशीन आठ दिवस चाललं. ज्या चुकीसाठी ते इतरांना शिव्या घालायचे, तीच त्यांनी करून ठेवली होती. दुखरा दात जागेवर आणि शेजारचा हातात.

"एक पार्ट आणायला लागेल," ते खाली बघत म्हणाले. "उद्या येतो."

"उद्या नक्की?"

"हो हो."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि खांद्यावरची चादर उतरवली. मास्तर चपला घालत होते तेव्हा बाई न्हाणीघरात वाकून चादर हाताने पिळत होत्या. सत्तरीचं मनगट ते, चादरीतून पाणी निघण्याऐवजी बाईंच्याच कपाळावर घाम निघत होता. मास्तरांना त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

रस्त्याने जाताना ते आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कानांची परीक्षा घेत चालले. बसचा भोंगा ऐकू आला. दुकानाचं शटर खडखडत वर गेलं, ते ऐकू आलं. दोन माणसं हुज्जत घालत होती, त्यांतल्या जाड आवाजाच्या माणसाचं सगळं कळलं, किरट्या आवाजाच्याचं तोंड नुसतं हललं. एक सायकलवाला अगदी अंगावर येऊन थांबला आणि काहीतरी खेकसला. तो घंटी वाजवत होता, हे मास्तरांना त्याचा अंगठा बघून कळलं. तारेवर एक चिमणी बसली होती. तिची चोच उघडत होती, मिटत होती. मास्तर तिच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

घरी बायको मटार सोलत बसली होती. तिच्याकडे न बघता ते सरळ गॅलरीतल्या कामाच्या टेबलाशी गेले. तिथे एका बिस्किटांच्या डब्यात ते काढलेली जुनी लॉकं ठेवत. गेल्या दोन वर्षांतली चार होती. हेडबाईंचं एक, बाकी तीन आणखी तीन घरांतली. चारही चांगली निघाली तर? चार घरांत त्यांनी छाती ठोकून सांगितलं होतं, "टक् नाही, लॉक गेलं." त्यांनी हेडबाईंचं लॉक तपासायच्या तारांना जोडलं, कान लाकडी टेबलाला जवळजवळ चिकटवला आणि बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. सहाव्यांदा दाबायला गेले तेव्हा खांद्यावर हात पडला आणि ते दचकून उठले.

बायको मागे उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"टक् होतंय!" ती नेहमीच्या आवाजात ओरडली. "पाचही वेळा झालं!"

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. "तुला तिथून ऐकू आलं?"

"आतून ऐकू आलं. मटार सोलताना. म्हणून तर आले."

मास्तर पुन्हा खुर्चीत बसले. "अगं, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. एवढं एक वाक्य, पण ते तोंडाबाहेर काढायला दोन वर्षं लागली होती.

"मग मला काय माहीत नाही?" बायको म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले, पण आवाज काही खाली आला नाही. "दोन वर्षं ओरडतेय मी! घसा बसला माझा! शेजारीण परवा विचारत होती, तुमच्यात रोज कसलं हो एवढं भांडण असतं?"

"मला वाटलं, तू चिडकी झालीस."

"मी? चिडकी?"

"मग सांगायचं नाही का तसं?"

"सांगितलं की! चार वेळा सांगितलं, कान तपासून या म्हणून. चारही वेळा तुम्ही म्हणालात, 'हो हो'!"

मग बायकोलाच हसू फुटलं, आणि ती हसताना बघून मास्तरांनाही. हसता हसता त्यांच्या मनातलं बाहेर पडलं. वडिलांचं स्टूल, ती बारा वर्षं, आपलंही तेच होणार याची धास्ती, सगळं. बायको समोर बसून ऐकत होती. तिच्या पदराला मटाराचा एक दाणा चिकटला होता, तो तिने काढून टेबलावर ठेवला.

"बाबांना कुणी डॉक्टरकडे नेलं होतं?" तिने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "कुणीच नाही. म्हातारपण म्हणून सोडून दिलं."

"मग तुमची त्यांच्याशी बरोबरी कशी? उद्या सकाळी जायचं. आणि आता आधी ती बाकीची तीन लावा बघू. मी ऐकते."

मास्तरांनी पिशवी उपडी केली, मीटर फडक्यातून सोडवला, त्याची बॅटरी बदलली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बायकोला कामाच्या टेबलाशी बसवलं. ते तारा जोडत होते, बटण दाबत होते, ती कान टवकारून बसली होती. दुसरं लॉक: बायकोने मान हलवली, नाही. मीटरही म्हणाला, आतली गुंडाळी तुटलेली. तिसरं: नाही. मीटर म्हणाला, नाही. चौथ्या लॉकच्या तारा मास्तरांनी दोनदा तपासून जोडल्या. त्यांनी बटण दाबलं आणि बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. तिने नीट ऐकलं, पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा ऐकलं.

"मेलेलं आहे," ती म्हणाली. "पक्कं मेलेलं."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तीन घरांत त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. चूक झाली होती ती एकच, आणि तीही सुधारता येण्यासारखी. मेलेलं लॉक बघून एवढा आनंद झालेला मेकॅनिक त्या दिवशी सगळ्या शहरात दुसरा नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर मुलीच्या वयाची होती. बोलताना ती चेहरा समोर ठेवून बोलायची, त्यामुळे मास्तरांना तिचं सगळं कळत होतं. तिने त्यांना काचेच्या एका छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबा. सुरुवातीला घुमणारे जाडे आवाज आले. मास्तर हौसेने बटण दाबत होते. मग मधले आले. मग एकाएकी शांत झालं. काचेपलीकडे डॉक्टर कळा फिरवत होती, म्हणजे आवाज सोडत असणार. बटण दाबून टाकावं असं मास्तरांना दोनदा वाटलं. पण भिंतीकडे तोंड करून जो कधी मागे वळला नव्हता, तो आता काय वळणार? त्यांनी बटणावरचा अंगठाच उचलून घेतला.

बाहेर आल्यावर डॉक्टरने कागद पुढे केला. त्यावरची रेघ बराच वेळ सरळ जात होती आणि शेवटी जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली आली होती.

"जाडे आवाज तुम्हाला छान ऐकू येतात," ती म्हणाली. "बारीक आवाज गेलेत. पक्षी, घंटी, लहान मुलांचं बोलणं."

"आणि लॉकचं टक्," मास्तर म्हणाले.

"कसलं?"

"काही नाही. आता उरलेलंही जाणार का, ते सांगा. खरं सांगा. माझे वडील ठार बहिरे झाले होते."

डॉक्टरने वडिलांचं काम विचारलं. मग कानात काही घालत होते का, कधी तपासलं होतं का, ते विचारलं. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "त्यांचे कान तीस वर्षं त्या खडखडाटाने झिजले आणि कुणी लक्ष दिलं नाही. तुमचं तसं नाही. तुमचं वयाचं आहे, थोडं कामाचं. वाढलंच तर हळूहळू वाढेल. दर वर्षी तपासायचं. कानात घालायचं एक छोटं यंत्र देते, त्याने बरंच काही परत ऐकू येईल. काम करा तुम्ही खुशाल."

"स्टुलावर बसायची वेळ नाही ना येणार?"

डॉक्टरला स्टुलाचं काही कळलं नाही. पण बायकोला कळलं. तिने त्यांचा हात धरला, डॉक्टरसमोरच. मास्तर रडले. काही वाईट झालं म्हणून नाही, दोन वर्षं मानेवर बसलेलं ओझं एकदम उतरलं म्हणून. डॉक्टर बिचारी टिश्यूचा डबा पुढे सरकवत म्हणत राहिली, "अहो, चांगलीच बातमी आहे." बायको म्हणाली, "म्हणूनच रडताहेत ते."

यंत्र मिळायला पंधरा दिवस लागणार होते. मास्तर तेवढे थांबले नाहीत. बायकोला घरी सोडलं आणि पिशवी उचलून थेट हेडबाईंच्या दारात उभे राहिले. डब्यातलं जुनं लॉक त्यांनी खिशात घेतलं होतं. वाटेत त्यांनी तीन-चार वाक्यं जुळवली होती, पण बाईंनी दार उघडल्याबरोबर ती सगळी पळाली.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं पहिलं लॉक चांगलं होतं. मला टक् ऐकू आलं नाही म्हणून मी ते बदललं. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. बरेच दिवस झाले, पण मी कबूल करत नव्हतो. माझ्यामुळे तुम्हाला पुन्हा हाताने चादरी पिळायला लागल्या. हे जुनं लॉक आणलंय. आता माझ्या हातून काम करून घ्यायचं नसेल तर दुसऱ्या चांगल्या माणसाचा नंबर देतो."

एका दमात एवढं बोलल्यावर त्यांना हलकं वाटलं. आता बाईंनी दार लावून घेतलं असतं तरी चाललं असतं.

हेडबाईंनी दार लावलं नाही. त्या न्हाणीघरात गेल्या, एक पाट ओढून मशीनसमोर ताठ बसल्या आणि मूठ वर धरून म्हणाल्या, "हं, लावा झाकण."

मास्तरांनी झाकण लावलं, बटण दाबलं आणि या वेळी कान देण्याऐवजी लॉक असतं तिथे पत्र्यावर बोटं टेकवली. बाईंनी पहिलं बोट उघडलं, त्याच क्षणी मास्तरांच्या बोटांखाली बारीकसा ठोका पडला. दुसरं बोट, दुसरा ठोका. पाचही ठोके बरोबर जुळले. "कळलं, बाई! हाताला कळतंय!" मास्तर एवढ्या मोठ्याने ओरडले, की आतून बहिणीने काय झालं म्हणून विचारलं.

म्हणजे लॉक काम करत होतं, पण ते लागल्याची वर्दी मशीनच्या मेंदूपर्यंत पोचत नव्हती. वाट तारेत अडली होती. त्यांनी प्लग काढला, वरचा पत्रा सोडवला आणि मीटर लावला. तार जुळली की मीटर शिट्टी वाजवतो, ती त्यांना ऐकू येणार नव्हती, म्हणून ते आकड्याकडे डोळे लावून तारा एकेक करून हलवत गेले. तिसऱ्या तारेला आकडा उड्या मारायला लागला. जोडणीतली एक पिन साबणाच्या पाण्याने हिरवी पडली होती. कधी टेकत होती, कधी नाही. मास्तरांनी ती कापून टाकली, नवी बसवली, ती पाण्यापासून झाकली आणि बाईंचं स्वतःचं जुनं लॉक पुन्हा जागेवर बसवलं.

ते काम करत असताना बाई पाटावरच बसून होत्या. म्हणाल्या, "चौतीस वर्षं वर्गावर काढली मी. 'बाई, ऐकू आलं नाही' म्हणून हात वर करणाऱ्या पोराला मी कधी रागावले नाही, दहा वेळा सांगायला लागलं तरी. मी रागवायचे ते न ऐकता 'हो बाई' म्हणणाऱ्यांना."

"मला काल रागवायला हवं होतंत मग."

"रागावणारच होते. पण तुमचा चेहरा बघून गप्प बसले."

पत्रा बसला, प्लग लागला, ओल्या चादरी आत गेल्या. झाकण, बटण, बोटं. एकच ठोका, एकच बोट. आणि मशीन फिरायला लागलं, आधी सावकाश, मग जोरात. तो जाडा घरघराट मास्तरांना अगदी छान ऐकू आला. एवढ्या दिवसांत कानाला इतकं गोड काही लागलं नव्हतं.

ते पिशवी आवरायला लागले. बाई पाटावरून उठून बहिणीच्या खोलीकडे निघाल्या होत्या. पाठमोऱ्याच, चालता चालता, त्या काहीतरी म्हणाल्या. मशीनच्या घरघराटात त्यांचा तो शेवटच्या बाकाचा आवाजही बुडून गेला. मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. मग ते बाईंच्या मागे चार पावलं गेले.

"बाई, ऐकू आलं नाही. पुन्हा सांगता?"

हेडबाई थांबल्या. वळून त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "समोरच्यांचं मशीनही अडलंय म्हणून सांगत होते. त्यांना तुमचा नंबर देऊ का?"

"द्या की," टकमास्तर म्हणाले. "फक्त त्यांना सांगा, माणूस जरा कमी ऐकतो, तोंड समोर करून बोला."